वाटेवरचं घेणं

दिल्लीत रिक्षावाल्याला ‘हिंदुराव’ म्हटलं की तो एकच प्रश्न विचारतो, हॉस्पिटल की बाडा? हॉस्पिटल टेकडीवर आहे, बाडा हिंदुराव ही वस्ती खाली सदर बाजाराच्या अंगाला. हे नाव एका मराठी माणसाचं आहे, हे इथं फारसं कुणाला ठाऊक नसतं. एका शेजाऱ्यानं मला खात्रीनं सांगितलं होतं की हिंदुराव हे कुणा डॉक्टरचं नाव असणार.

हे हिंदुराव म्हणजे कागलचे घाटगे, ग्वाल्हेरच्या दौलतराव शिंद्यांचे मेहुणे आणि बायजाबाई शिंद्यांचे भाऊ. रिजवरचा हा बंगला मुळात विल्यम फ्रेझर या इंग्रज अधिकाऱ्याचा. मार्च १८३५ मध्ये त्याचा खून झाला आणि बंगला हिंदुरावांकडे आला. १८३३ साली बायजाबाईंना ग्वाल्हेर सोडावं लागलं होतं. तेव्हापासून हे घराणं उत्तर हिंदुस्थानात विखुरलेलं होतं. सत्तावन्नचं बंड पेटलं त्याआधीच हिंदुराव वारले होते, पण घराला त्यांचंच नाव राहिलं. त्या उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात इंग्रजांनी रिजवरून दिल्लीला वेढा घातला, तेव्हा त्यांचं सगळ्यात महत्त्वाचं ठाणं हेच होतं. इंग्रजी इतिहासांत ‘हिंदुराव्ज हाउस’ पानोपानी येतं, हिंदुराव मात्र क्वचित येतात.

मी या टेकडीच्या पलीकडे, मलकागंजच्या बाजूला राहते. तौलनिक साहित्यात एम.ए. करायला आले आणि इथेच राहिले. मराठीतून हिंदीत भाषांतरं करते. गेलं वर्षभर हाताशी आहे ते विष्णुभट गोडसे वरसईकरांच्या ‘माझा प्रवास’मधले निवडक भाग. हे पुस्तक हिंदीत नवं नाही. अमृतलाल नागरांनी ते ‘आँखों देखा ग़दर’ या नावानं कधीच आणलं, आणि इंग्रजीत अलीकडे त्याची एकाहून जास्त भाषांतरं झाली. तरी पुन्हा करावंसं वाटलं. मला बंडापेक्षा त्यातलं चालणं जास्त दिसायला लागलं होतं, आणि चालण्यापेक्षाही वाटेवर माणूस काय घेतो, कुणाकडून घेतो आणि कोणत्या नावाखाली घेतो ते.

विष्णुभट पेणजवळच्या वरसईचे. घरात कर्ज होतं, भिक्षुकीवर ते फिटण्यासारखं नव्हतं. बायजाबाई मथुरेस सर्वतोमुख यज्ञ करणार अशी बातमी कोकणात पोचली. एवढा मोठा यज्ञ म्हणजे दक्षिणा मोठी. १८५७ च्या आरंभी विष्णुभट आणि त्यांचे काका उत्तरेकडे निघाले. म्हणजे आमच्या टेकडीला नाव देणाऱ्या माणसाच्या बहिणीच्या दानावर भरवसा ठेवून एक तिशीतला भिक्षुक घाट चढला. ते दिल्लीला कधी आले नाहीत. तरी मी हे पान उलटते तेव्हा खिडकीतून दिसणारी झाडं मला त्यांच्या ओळखीची वाटतात. (भाषांतर करणाऱ्यांना असे भास होतात, त्याला इलाज नाही.)

महूच्या आसपास त्यांना पलटणीतले शिपाई भेटले आणि काय होऊ घातलंय ते त्यांनी सांगितलं. वाटेवर अनोळखी माणसानं दिलेली ही पहिली मोठी गोष्ट, आणि ती म्हणजे बातमी. धान्य नाही, पैसा नाही. तरीही काका-पुतणे पुढे गेले. ग्वाल्हेर झालं, मग झाशी. झाशीत राणीच्या आश्रयानं बरे दिवस गेले. मार्च १८५८ मध्ये ह्यू रोजच्या फौजेनं वेढा दिला, एप्रिलच्या आरंभी शहर पडलं. त्यानंतरच्या लुटीत आणि कत्तलीत विष्णुभट जिवानिशी वाचले, कमाई गेली. पुढच्या वाटेवरही ते लुटले गेले. काल्पी, ब्रह्मावर्त, चित्रकूट, काशी असं करत सुमारे अडीच वर्षांनी ते घरी पोचले ते खांद्यावर गंगेची कावड घेऊन.

भाषांतरात मी पहिल्यांदा अडले ती ‘मदत’ या शब्दावर. एका संपादकांनी निवडीसाठी विषय दिला होता ‘प्रवासातली मदत’. मी पुस्तक त्या नजरेनं चाळलं आणि लक्षात आलं की आपण आज ज्याला मदत म्हणतो त्या जागी या जगात दहा वेगळे शब्द आहेत आणि त्यांची अदलाबदल होत नाही. दक्षिणा म्हणजे मदत नव्हे, तो हक्क आहे. मंत्र म्हटले, दक्षिणा मिळाली, देणाऱ्याचं पुण्य त्याला, हिशेब पुरा. दान घेणाऱ्यावर तर उलट ओझं, कारण दानाबरोबर देणाऱ्याचं पापही येतं असं मानत. भिक्षा वेगळी, माधुकरी वेगळी. अन्नछत्र म्हणजे शिजलेलं, सदावर्त म्हणजे रोज ठरलेला कोरा शिधा. आश्रय राजाचा, उतरायला जागा गृहस्थाची. सोबत वाटेवरच्या कुणाचीही. आणि उपकार हा शब्द मात्र जपून वापरायचा, कारण तो फिटत नाही.

त्यातला शिधा मला सगळ्यात बोलका वाटतो. डाळ, तांदूळ, पीठ, मीठ, थोडं तूप. शिजवलेलं अन्न कुणाच्या हातचं चालेल यावर हजार बंधनं, पण कोऱ्या धान्यावर ती बरीच सैल. म्हणून शिधा हा दोन जातींमधून जाऊ शकणारा अगदी अरुंद रस्ता होता. वाण्यानं ब्राह्मणाला धान्य द्यायचं, ब्राह्मणानं नदीकाठी तीन दगड मांडून स्वतः रांधायचं. देणं झालं, घेणं झालं, स्पर्श झाला नाही. हिंदीत याच अर्थाचा शब्द आहे ‘सीधा’, म्हणजे तोच शब्द, फक्त कानाला ‘सरळ’ असा वाटणारा. आजच्या हिंदी वाचकाला तो कळेल का, असं मला विचारण्यात आलं. ‘राशन’ लिहा, असंही सुचवलं गेलं. राशनमध्ये सरकार येतं, रांग येते, कार्ड येतं. शिध्यातली चूल त्यात येत नाही. मी सीधा ठेवला.

हे सगळं जाळं कुणी विणलं होतं तेही पाहायला हवं. अहिल्याबाईंनी बांधलेले घाट, विहिरी आणि धर्मशाळा उत्तरेत दूरवर होत्या. शिंदे, होळकर, पवार यांची संस्थानं, झाशीचे नेवाळकर, ब्रह्मावर्तास नानासाहेब, आणि या प्रत्येक ठिकाणी देशावरून-कोकणातून गेलेली ब्राह्मण कुटुंबं. वरसईचा माणूस शेकडो मैलांवर एखाद्या गावात शिरायचा, आपलं नाव, गाव, शाखा, गोत्र सांगायचा आणि कुणाच्या तरी ओसरीवर त्याची पथारी पडायची. विष्णुभटांची पिशवी लुटली गेली तरी तोंडातला वेद कुणी लुटू शकत नव्हतं. पुढच्या गावात पुन्हा शून्यापासून दक्षिणा सुरू. हे त्यांचं धैर्य होतंच, पण ती त्यांची जन्मानं मिळालेली हुंडीही होती, कुठेही वटणारी. झाशीतून त्याच रात्री बाहेर पडलेल्या एखाद्या विणकराकडे किंवा भिस्त्याकडे अशी हुंडी नव्हती. त्यांचे प्रवास कुणी लिहिले नाहीत. ‘माझा प्रवास’ वाचताना हे मनात ठेवावं लागतं. त्यानं विष्णुभट लहान होत नाहीत, रस्ता मात्र अधिक खरा दिसतो.

आणि मग काल्पीच्या वाटेवरचा तो प्रसंग. मराठी वाचकाला तो माहीत असतो. विहिरीवर विष्णुभट आहेत. लढाईतून आलेली, धुळीनं माखलेली, पठाणी वेषातली राणी तिथं येते, तहानलेली. ते पाणी काढून द्यायला पुढे होतात. ती त्यांना थांबवते. विद्वान ब्राह्मणाकडून आपण पाणी काढून घेणं बरं नव्हे, या भावनेनं ती स्वतः पाणी काढते आणि मातीच्या भांड्यानं पिते. शाळेत हा प्रसंग आम्हाला राणीच्या विनयाचा म्हणून शिकवला. आता वाचताना मला त्यात दुसरंही दिसतं. राज्य गेलं, शहर गेलं, मागे इंग्रजी घोडदळ, घसा कोरडा, आणि तरीही कुणाकडून काय घ्यायचं आणि काय नाही याचा नियम शाबूत. घेण्याची सवय नसलेल्या माणसाला घेणं किती जड जातं! विष्णुभट भिक्षुक, त्यांचं सगळं आयुष्य ओंजळ पुढे करण्यात गेलेलं. राणीचं देण्यात. विहिरीवर दोघांच्या जागा क्षणभर बदलू पाहतात आणि बदलत नाहीत.

मी तौलनिक साहित्याची, त्यामुळे पलीकडे डोकावल्याशिवाय राहवत नाही. जपानात शिकोकू बेटावर अठ्ठ्याऐंशी देवळांची पायी परिक्रमा आहे, सुमारे बाराशे किलोमीटरची. तिथले गावकरी यात्रेकरूला संत्री, चहा, कधी पैसेही देतात. त्याला ‘ओसेत्ताई’ म्हणतात. रीत अशी की ते नाकारायचं नाही, आणि घेतल्यावर आपल्या नावाची कागदी पट्टी देणाऱ्याच्या हाती ठेवायची. अमेरिकेतल्या ॲपलाचियन ट्रेलवर, जी साधारण साडेतीन हजार किलोमीटरची आहे, वाटेत अचानक कुणी थंड पेय किंवा गरम जेवण दिलं तर त्याला ‘ट्रेल मॅजिक’ म्हणतात. जादू! कारण तिथल्या चालणाऱ्याची मूळ प्रतिज्ञा स्वतःचं ओझं स्वतः वाहण्याची असते. त्यामुळे मिळालेलं काहीही नियमाबाहेरचंच वाटतं. आपल्याकडे ते नियमातच बसवलेलं आहे.

नर्मदा परिक्रमेत हे स्पष्ट दिसतं. गोनीदांच्या ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’मुळे आणि अलीकडे जगन्नाथ कुंट्यांच्या ‘नर्मदे हर हर’मुळे मराठी घरांत ती वाट ओळखीची झाली. परिक्रमावासीनं पैसा-अडका न बाळगता निघावं, गावोगावच्या सदावर्तावर चालावं, ही जुनी रीत. आश्रमात पोचलं की विचारतात, ‘कितने मूर्ति?’ माणसं किती असं नाही, मूर्ती किती. नाव, गाव, हुद्दा पुसून टाकून माणूस फक्त मोजला जातो. आणि शूलपाणीच्या झाडीत तर परंपरेनं लुटणंही परिक्रमेचाच भाग ठरवलं होतं. तिथले भिल्ल यात्रेकरूला लंगोटीपर्यंत उतरवत. त्यांना म्हणायचं ‘मामा’. झाडीतून उघडाबोडका बाहेर पडलेल्याला पुढचं गाव वस्त्र आणि अन्न देई. आपली जमीन आणि जंगल ज्यांच्या हातून गेलं त्यांनी केलेली लूट आपण भक्तीच्या कथेत सोयीनं बसवून घेतली, हे मला त्यात खटकतं. पण आधी सगळं जायला हवं आणि मगच घेता येतं, ही समजूत कुठून आली असेल ते कळतं. आता त्या झाडीचा बराच भाग सरदार सरोवराच्या पाण्याखाली आहे.

लुटल्या गेलेल्यांच्या या यादीत आणखी एक नाव ग्वाल्हेरशी जोडलेलं आहे. हैबतबाबा आरफळकर शिंद्यांच्या पदरी होते. गावाकडे परतताना सातपुड्यात त्यांना लुटारूंनी धरलं, त्यांनी हरिपाठ आरंभला आणि ते सुटले, अशी वारकऱ्यांत कथा आहे. सुटल्यावर ते घरी न जाता आळंदीला आले. ज्ञानेश्वरांच्या पालखीला आजचं शिस्तीचं रूप त्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दिलं. अंकलीच्या शितोळे सरदारांचे घोडे आजही तिच्याबरोबर चालतात. म्हणजे वारीचा जो सोहळा आपण पूर्ण मराठी मातीतला समजतो, त्याच्या मांडणीत उत्तरेतल्या शिंदेशाही छावणीचा अनुभव आहे: मुक्काम, तंबू, चोपदार, एवढ्या माणसांना रोज खाऊ घालण्याची व्यवस्था. वारीत वाटेवर कुणी भाकरी देतं, कुणी फुकट दाढी करून देतं, कुणी तुटलेली चप्पल शिवून देतं, कुणी पाय चेपतं. देणारा घेणाऱ्याला म्हणतो माउली, घेणारा देणाऱ्याला म्हणतो माउली. इथंही नाव पुसलेलं. मात्र इरावती कर्व्यांनी ‘वाटचाल’मध्ये लिहून ठेवलं आहे की त्यांच्या दिंडीत बरोबर चालणाऱ्या ब्राह्मण आणि मराठा बायका जेवायला वेगळ्या बसत. पुसलेलं नाव ताट मांडताना परत येई.

ही दोन तऱ्हेची घेणी आहेत असं मला वाटू लागलं. एक विष्णुभटांचं, जिथं मी कोण हे सांगितल्यावरच दार उघडतं. दुसरं वारकऱ्याचं, परिक्रमावासीचं, जिथं मी कुणी नाही म्हणून उघडतं. पहिलं नुसतं जुनं आणि दुसरं नुसतं चांगलं, असं म्हणण्याचा मोह मला होतो, पण तो टिकत नाही.

न टिकण्याचं कारण माझ्या घराजवळून जातं. आषाढ-श्रावणाच्या संधीला, म्हणजे इथल्या पंचांगाप्रमाणे श्रावणात, हरिद्वारहून कावडिये येतात. अप्सरा बॉर्डरकडून शाहदरा, मग यमुना ओलांडून काश्मिरी गेट, बुलेव्हार्ड रोड आणि पुढे राणी झांसी मार्ग. कावड तीच, विष्णुभटांच्या खांद्यावरची. फक्त आता तिच्यावर प्लास्टिकची फुलं, तिरंगे आणि बॅटरीवरचे दिवे असतात. नियमही तेच कडक: जमिनीला लागू द्यायची नाही. म्हणून शिबिरात बांबूंची घडवंची असते तिच्यावर टांगतात. ‘खडी कावड’ घेणाऱ्याला तर तेही चालत नाही. तो विसावला की दुसऱ्या कुणीतरी ती खांद्यावर घेऊन उभं राहायचं. एकट्यानं नेताच येणार नाही अशी ही व्रताची रचना आहे. हा नियम ज्यानं कुणी घातला त्याला माणसाच्या गर्वाची चांगली माहिती असावी.

मागे एकदा जुलैत मी त्या रस्त्यानं घरी येत होते. हवा अशी की श्वासही ओला. मंडपातल्या एका म्हाताऱ्यानं गुलाबी सरबताचा पेला पुढे केला.
‘ले लो, भोले.’
मी म्हटलं, ‘चाचाजी, मैं तो यहीं रहती हूँ, कावड़ नहीं है मेरी।’
‘तो? प्यास तो है।’
मी प्यायले. त्यांना विचारलं की रोज इतक्यांना देता, थकत नाही का? ते म्हणाले, ‘लेने वाला आए तभी तो सेवा होगी, बेटी।’ मग माझ्याकडे न बघता पुढच्याला पेला दिला. इथं सगळे भोले. माउली तशी भोले.

पण याच वाटेच्या उत्तर प्रदेशातल्या भागात २०२४ च्या जुलैत ढाबेवाल्यांनी, फळवाल्यांनी मालकाचं नाव ठळक लावावं असा आदेश निघाला. कारण उघड होतं, नावावरून धर्म कळतो. सर्वोच्च न्यायालयानं त्याच महिन्यात त्याला अंतरिम स्थगिती दिली. घेणाऱ्याचं नाव पुसायचं आणि देणाऱ्याचं मात्र विचारायचं, अशी ही उलटी तऱ्हा. सत्तावन्नच्या उन्हाळ्यात याच टेकडीवर हिंदुरावाच्या घरात जखमी गोऱ्यांना डोल्यांतून वाहून आणणारे कहार आणि त्यांना पाणी पाजणारे भिस्ती हिंदुस्थानीच होते. त्यांची नावं कुणी विचारली नाहीत, तेव्हा आणि नंतरही नाही. जवळच १८६३ चं इंग्रजी स्मारक आहे, आता त्याला अजितगढ म्हणतात. त्यावर अधिकाऱ्यांची नावं कोरलेली आहेत. डोलीवाल्यांची जागा त्यात नाही.

विष्णुभटांनी हा वृत्तांत चिंतामणराव वैद्यांच्या सांगण्यावरून १८८३ च्या सुमारास लिहिला. वैद्यांनी तो १९०७ साली छापला, तोही बराच हात फिरवून. मूळ रूप पुढे दत्तो वामन पोतदारांनी समोर आणलं. घटना आणि लेखन यांत पंचवीस वर्षं. तरीही हा माणूस कोणत्या गावी कुणाकडे उतरलो हे नावानिशी सांगतो. इतिहासकारांना त्यात फारसं काही सापडत नाही, वाचक ती पानं उडवतो. माझ्या मसुद्यावरही शेरा आला होता की ही नावं कथेला अडवतात, तळटीपेत टाका किंवा गाळा.

मी ती तळाशी नेली नाहीत. कर्ज फेडायला निघालेला माणूस रिकाम्या हातानं परतला होता. कावडीतलं पाणी तेवढं त्यानं न सांडता घरी आणलं, त्यानं आईवडिलांना स्नान घातलं, आणि अंगावरच्या उरलेल्या ऋणाचा हिशेब म्हणून त्याच्याजवळ ही नावंच होती. हिंदीत ती लिहिताना आडनावांची फोड करावी लागते, गावांचे उच्चार सांभाळावे लागतात. एका दिवसात पान-दीड पान होतं.